प्रत्येक फाइलचा धनी कोण?

डेबियन या मुक्त कार्यप्रणालीत नवे सॉफ्टवेअर आणायचे, तर आधी त्याला रांगेत उभे राहावे लागते. ही रांग मोजके स्वयंसेवक सांभाळतात. पॅकेज उघडायचे, आतल्या फाइली चाळायच्या आणि प्रत्येकीचा मालक कोण, त्याने कोणता परवाना दिला आहे, हे ताडून बघायचे, हे त्यांचे मुख्य काम. पॅकेज करणाऱ्याने ही सगळी माहिती 'कॉपीराइट' नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आधीच लिहून दिलेली असते. तपासणारा ती समोर ठेवतो आणि विसंगती शोधत जातो.

अडते ते बहुधा कोपऱ्यात. सगळा प्रोग्रॅम मुक्त परवान्याचा, पण एक चिन्हचित्र कुठूनतरी उचललेले. किंवा जावास्क्रिप्टची एक फाइल, सगळी मोकळी जागा काढून एका ओळीत कोंबलेली, आणि माणसाला वाचता येईल असा तिचा मूळ कोड कुठेच नाही. असे पॅकेज परत जाते. करणाऱ्याने पदरचा वेळ घालून, रात्री जागून ते तयार केलेले असते, तरीही.

सर्वात बोलके उदाहरण एका परवान्याचे आहे. प्रोग्रॅमर डग्लस क्रॉकफर्ड यांनी आपल्या काही कोडला एक अट घातली: हे सॉफ्टवेअर चांगल्यासाठी वापरावे, वाईटासाठी नाही. यात हरकत घेण्यासारखे काय? पण डेबियनच्या नियमांत कामाच्या क्षेत्रावरून भेदभाव चालत नाही, आणि चांगले काय हे कोण ठरवणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून हा परवाना डेबियनने मुक्त मानला नाही. २०१३ मध्ये पीएचपी या प्रोग्रॅमिंग भाषेच्या पॅकेजमधला असा कोड काढून त्याजागी दुसरा बसवला गेला. हा काटेकोरपणा अनेकांना किरकिर वाटतो. पण वापरणाऱ्याने काही न विचारता 'मुक्त' या शब्दावर विसंबायचे, तर कुणीतरी आधी इतके बारकाईने बघितलेले असायलाच हवे.

हे नियम आले कुठून? पर्ड्यू विद्यापीठातला विद्यार्थी इयन मर्डॉक याने १९९३ च्या ऑगस्टमध्ये डेबियनची घोषणा केली. पुढे ब्रूस पेरेन्स यांनी 'सामाजिक करारा'चा मसुदा लिहिला, महिनाभर सर्वांनी तो घासूनपुसून घेतला आणि ५ जुलै १९९७ रोजी तो स्वीकारला गेला. कलमे पाचच. डेबियन पूर्ण मुक्त राहील. आपण केलेले काम समाजाला परत देऊ. दोष लपवणार नाही. वापरणारे आणि मुक्त सॉफ्टवेअर यांना प्राधान्य राहील. आणि काही वापरणाऱ्यांना अमुक्त गोष्टी लागतात हे मान्य करून त्या वेगळ्या विभागात ठेवू. सोबतच्या मार्गदर्शक नियमांवरूनच १९९८ मध्ये 'ओपन सोर्स'ची व्याख्या बेतली गेली.

खरी ओढाताण आहे ती या कलमांच्या आपसात. अनेक नव्या लॅपटॉपांचे वायफाय कार्ड बंदिस्त फर्मवेअरशिवाय (उपकरणातच चालणाऱ्या सॉफ्टवेअरशिवाय) जागे होत नाही. डेबियनची अधिकृत डिस्क लावणाऱ्याला इन्स्टॉल करतानाच नेट मिळेना, आणि अमुक्त फर्मवेअर असलेली वेगळी डिस्क आहे हे नवख्याला कळेना. पहिले कलम पाळावे, तर चौथ्यातला वापरणारा दारातूनच माघारी जाई. २०२२ मध्ये सदस्यांनी यावर मतदान केले. करार बदलायला तीनास एक असे बहुमत लागते, ते मिळाले. अधिकृत डिस्कवर असे फर्मवेअर असू शकेल, हे वाक्य पाचव्या कलमात जोडले गेले. जून २०२३ च्या 'बुकवर्म' आवृत्तीपासून ते अमलात आले. तत्त्वाला मुरड पडली, असे म्हणणारे आजही आहेत. पण फर्मवेअरसाठी वेगळा विभाग आहे आणि नको असणाऱ्याला ते बंद ठेवता येते. सवलत उघडपणे, करारातच लिहून घेतली, म्हणून हा निर्णय योग्यच वाटतो.

दोष न लपवण्याचे तिसरे कलम मराठी वाचकाच्या थेट उपयोगाचे आहे. डेबियनमध्ये 'लोहित देवनागरी' हा फॉन्ट मिळतो, इन्स्टॉलर मराठीत चालवता येतो. एखादे जोडाक्षर तुटत असेल, भाषांतरात चूक दिसली, तर तक्रार नोंदवायला सदस्यत्व लागत नाही, खातेही उघडावे लागत नाही. ईमेल पुरतो, नोंद मात्र पाठवणाऱ्याच्या पत्त्यासह सर्वांना दिसते. दिसलेली चूक जरूर कळवा, आणि शक्य असेल तर दुरुस्तीही सोबत पाठवा.