अवचित पाहुणा आणि फडताळातील चार बरण्या

माणसे रोख पैसा हाताशी का बाळगतात, याची तीन कारणे केन्स याने 1936 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सांगितली : रोजचा व्यवहार, दक्षता आणि सट्टा. यांपैकी दक्षतेचा हेतू वर्गात समजावून देताना आम्ही प्राध्यापक मंडळी आजारपणाचे उदाहरण देतो. कुरुंदवाडच्या विद्यार्थ्याला याहून जवळचे उदाहरण देता येईल. ते म्हणजे दिवेलागणीला दारात उभा राहिलेला पाहुणा.

आमच्या गावी असा पाहुणा हा अपवाद नव्हे. पंचगंगेचा पूल ओलांडला की नरसोबाची वाडी. पौर्णिमेला, दत्तजयंतीला दर्शन आटोपून माणसे ‘इथवर आलोच आहोत तर’ म्हणून नातलगांकडे वळतात. ती जेवायला थांबणार नसतात. पण त्यांना कोरड्या तोंडाने जाऊ देणे घराला शोभत नाही. बैठकीतील यजमान ‘अगं, चहा टाक’ असे आत सांगतो आणि आपले आतिथ्य पार पडले असे समजतो. आत सकाळचे दूध संपलेले असते. मग शेजारून वाटीभर दूध आणणे, मुलाला दुकानात पिटाळणे आणि हे सारे बाहेर कळू न देणे, हा व्याप एकटीचा. केंद्र सरकारच्या 2024 च्या कालवापर पाहणीनुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी 289 मिनिटे खर्च करतात, तर पुरुष 88. आपल्या आतिथ्यशीलतेचा आपल्याला अभिमान आहे, आणि तो असावाही. परंतु तिचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो हे या दोन आकड्यांवरून दिसते.

पाहुणा अवचित येतो, म्हणून तयारीही अवचितच झाली पाहिजे असे नाही. सवडीच्या दिवशी केलेले श्रम साठवून ठेवता येतात. साधारण 65 टक्के साखर असलेला पाक सहसा बिघडत नाही. सरबताच्या बरणीमागचे सारे शास्त्र एवढेच. कोकणातून घाट चढून येणारी ताजी रातांब्याची साले मे महिन्यात साखरेत मुरत ठेवली की अमृतकोकम वर्षभर पुरते. लिंबाचे गणित याहून बोधप्रद आहे. एप्रिल 2022 मध्ये देशातील अनेक शहरांत एका लिंबाला दहा रुपये मोजावे लागले. तेच लिंबू पावसाळ्यात स्वस्त असते. त्या वेळी रस काढून साखरेत बसवून ठेवणारी गृहिणी व्यापाऱ्याचेच काम करते. मात्र तिच्या साठ्याला साठेबाजी म्हणता येत नाही! कैरी उकडून गर गुळात शिजवला की चैत्रातल्या हळदीकुंकवाचे पन्हे पुढेही काही दिवस कामी येते. या बरण्यांतील दोन चमचे पेल्यात घालून वर पाणी ओतणे दहा वर्षांच्या मुलाला जमते. ते गृहस्थालाही जमावे.

बाजारात तयार बाटल्या मिळत असताना हा खटाटोप कशाला, असा प्रश्न येईल. 1977 मध्ये कोकाकोला देशाबाहेर गेली तेव्हा आमची पिढी गोटीच्या सोड्यावर वाढत होती. 1993 मध्ये ती परतल्यानंतर शीतपेये खेड्यातल्या किराणा दुकानांतही पोहोचली. सप्टेंबर 2025 पासून अशा वायुमिश्रित पेयांवर वस्तू व सेवा कराचा दर 40 टक्के आहे. पण माझा आक्षेप कराशी नाही. उघडलेली बाटली दुसऱ्या दिवशी निर्जीव होते. म्हणजे ती साठा होऊच शकत नाही. प्रत्येक पाहुण्यागणिक नवी बाटली आणि नवी धावपळ.

शहरांतील काही घरांत दिवाणखान्याच्या कोपऱ्यात मद्याचे कपाट सजवण्याची टूम आली आहे. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रात आजही लागू असून, त्याखाली मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो, हे त्या कपाटांच्या मालकांपैकी किती जणांना ठाऊक असते, कोण जाणे. तो विषय निराळा आहे.

चौथी बरणी सरबताची नव्हे. तीत सुंठ, वाळवलेला गवती चहा आणि चहाची पूड असावी, आणि शेजारी गुळाची ढेप. गुळाच्या चहात दूध फाटते, म्हणून तो बिनदुधाचाच बरा, हे आपल्याकडे सर्वांना माहीत आहे. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कोऱ्या चहात तो पडला की ते मानांकन जिभेला पटते. या बरणीचे खरे मोल मात्र 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2021 च्या जुलैमध्ये कळले. कृष्णा आणि पंचगंगा पात्र सोडून गावात शिरल्या, रस्ते बंद झाले, जिल्ह्यातील दूधसंकलन विस्कळीत झाले. सखल गल्ल्यांतील माणसे उंचावरच्या घरांत आसऱ्याला आली, आणि तीही न कळवता आलेली पाहुणेच होती. अशा वेळी कच्च्या पाण्याचा भरवसा नसल्याने कोकमाची बरणी असूनही उपयोगाची नव्हती. पाणी खळखळून उकळायचे, त्यात चिमूटभर सुंठ, गवती चहाच्या दोन काड्या आणि गुळाचा खडा टाकायचा, आणि भिजून आलेल्यांच्या हाती पेला द्यायचा.