मागच्या दाराचं पाणी आणि आमचा शोषखड्डा

आमच्या घरामागे दहा बाय चौदा फुटांची जागा आहे. इतकी वर्षं आम्ही तिला नुसतं ‘मागचं’ म्हणत आलो. न्हाणीचं, भांड्यांचं पाणी तिथंच साचायचं. कडेला फुटक्या बादल्या, दोन जुनी टायरं. आम्ही नर्स, वॉर्डात दिवसभर लोकांना सांगायचो, घराभोवती पाणी साचू देऊ नका. आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच चिखलात विटांवर पाय देत कपडे वाळत घालायचो. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींची मुलगी डेंग्यूने आठ दिवस ॲडमिट होती. वहिनी आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. तेच जास्त लागलं.

मिस्त्रीला द्यायला पैसे नव्हते. आमचे हे, धाकटा मुलगा आणि आम्ही, असे तिघं दर रविवारी लागलो.

आधी टायरं नि बादल्या काढल्या. लोकांना वाटतं डेंग्यूचा डास गटारातला. तसं नाही. तो एडिस डास. त्याला टायरात, कुंडीखालच्या ताटलीत, कूलरमध्ये साठलेलं स्वच्छ पाणी लागतं. सांडपाण्याच्या डबक्यात वाढतो तो क्युलेक्स, हत्तीरोग पसरवणारा. आमच्याकडे दोघांचीही सोय होती! अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून पाण्याची भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करायची.

मग शोषखड्डा. इथं आम्ही फसलो. काळी माती चिकट, कुदळीला सुटेना, हाताला फोड आले. अडीच फुटांवर थांबलो. आत विटांचा रोडा टाकला, वरून माती ओढली आणि झालं म्हणून चहा प्यायलो. पहिल्याच मोठ्या पावसात खड्डा तोंडापर्यंत भरला आणि चार दिवस तसाच. पाचव्या दिवशी आत अळ्या वळवळत होत्या. आत्याबाई म्हणाल्या, “डबकं होतं ते बरं होतं, निदान दिसत तरी होतं.”

पाऊस उघडल्यावर सगळं उकरलं. चूक दोन ठिकाणी होती. काळी माती पाणी शोषत नाही, खाली मुरूम लागेपर्यंत जायला हवं. आणि पाण्यातला गाळ, तेल, भाताची शितं अडवायला काहीच ठेवलं नव्हतं, त्यामुळे रोडाही बुजला होता. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे केले, त्यांची पद्धत आम्ही धरली. चार फूट लांब, चार रुंद, चार खोल. मधोमध सिमेंटची टाकी, तिला वरच्या बाजूला चार भोकं. पाणी आधी टाकीत पडतं, गाळ तळाशी बसतो, वरचं पाणी भोकांतून भोवतीच्या दगडांत जातं. दगडांवर गोणपाट आणि माती, टाकीवर उचलता येणारं झाकण. साचलेला गाळ अधूनमधून काढावा लागतो, ते काम मुलाकडे. न्हाणीपासून खड्ड्यापर्यंतचा उतार लेव्हल पाइपने काढला. चार फुटांना एक इंच. हापशी किंवा विहीर जवळ असेल तर पन्नास फूट तरी लांब जा. संडासाचं पाणी यात कधीही सोडू नका. खड्डा अर्धवट राहिला तर रात्री वर फळ्या टाका, बस्तीत लेकरं अंधारातही पळतात.

खणताना यांच्या पायाला पत्रा लागला. विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं? आठवेना. बायांना बाळंतपणात ते मिळतं; मुलांना दहाव्या आणि सोळाव्या वर्षी द्यायचं असतं; त्यानंतर पुरुषाला कोणी विचारत नाही. जंतू गंजात नाही, मातीत असतात. जखम साबण-पाण्याने वाहती धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद भरून घरी बसू नका. उन्हात खणू नका हेही आलंच. आम्ही सकाळी सहा ते नऊ खणलं. घमेलं अर्धंच भरायचं, गुडघ्यात वाकून उचलायचं. आमची कंबर वॉर्डातच गेलेली आहे, म्हणून कळतं.

खड्ड्याच्या कडेला आता केळ आणि कर्दळ आहे, दोन्ही पाणी ओढतात. कोथिंबीर, मुळा असलं कच्चं खायचं मात्र तिथं लावलं नाही. ते दूर, डब्यांत, चांगल्या पाण्यावर. कोपऱ्यात शेवगा. त्याच्या पाल्याची भाजी आत्याबाई डाळ घालून करतात. लोह आहे, कॅल्शियम आहे, आणि फुकट आहे.

परवा वहिनी लेव्हल पाइप मागून घेऊन गेल्या. त्यांची मागची जागा सहा बाय आठ, भिंतीला खेटून खणावं लागेल आणि भिंत कच्ची. त्यांचं पाणी आमच्याच खड्ड्यात घ्यावं का, दोन घरांचं त्याला पेलेल का, की मध्ये दुसरा खड्डा करावा, हे येत्या रविवारी दोन्ही घरांनी बसून ठरवायचं आहे.