प्रभाग बदलतो, मौजे बदलत नाही

शहरांच्या अंतर्गत हद्दींचे नकाशे जमवण्याचा नाद मला जुना आहे. प्रभागरचनेचे प्रारूप लागले की लोक आधी आरक्षण शोधतात. मी कुठला नाला कुणाच्या वाट्याला गेला ते पाहतो. भिवंडीइतकी गुंतागुंत मला क्वचितच कुठे आढळली.

इथे कामतघर, नारपोली, भादवड, टेमघर ही जुनी महसुली गावे महापालिकेच्या पोटात आहेत आणि जमिनीच्या कागदावर आजही ‘मौजे’ म्हणून नांदतात. निवडणुकीचे प्रभाग मात्र दर खेपेला नवे. मुंबई वगळता राज्यातल्या महापालिकांत २००७ला प्रभागात एक नगरसेवक होता, २०१२ला दोन, २०१७ला चार. २०२१मध्ये तीन ठरले आणि पुढच्याच वर्षी सरकार बदलताच तेही फिरले. नव्वद नगरसेवकांच्या या शहराचा दैनंदिन कारभार पाच प्रभाग समित्यांकडे आहे. घरपट्टीपासून बेकायदा बांधकामाच्या नोटिशीपर्यंत सारे तिथे. जून २०२२मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि जानेवारी २०२६च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होते. तेवढा काळ समितीचे कार्यालय होते, समिती नव्हती.

स्थिर मौजे आणि बदलते प्रभाग हा पेच दक्षिण कोरियात वेगळ्या रीतीने सोडवला आहे. शहराखाली ‘गु’ आणि गुखाली ‘दोंग’ ही तिथली उतरंड. पण दोंग दोन प्रकारचे. एक कायद्याचा: जमिनीची नोंद त्याच्या नावावर, म्हणून तो सहसा हलत नाही. दुसरा कारभाराचा: वस्ती वाढली की फोडायचा, घटली की जोडायचा, आणि रहिवाशाला दाखल्यासाठी जवळचे कार्यालय द्यायचे. सोलच्या पंचवीसही गुंना १९९५पासून निवडून आलेला प्रमुख आहे. पाच लाखांवरच्या साध्या शहरांतही गु असू शकतात, पण त्यांचा प्रमुख महापौर नेमतो.

सोलला लागून असलेले बुचॉन असेच एक शहर, लोकसंख्या आठ लाखांच्या आसपास. २०१६मध्ये त्याने आपले तिन्ही गु बरखास्त केले. मधली पायरी काढली की खर्च वाचेल आणि काम लवकर होईल, हा हिशेब. २०१९मध्ये छत्तीस दोंगांचे दहा मोठे दोंग केले. कागदावर सुटसुटीत झाले, पण लोकांची कार्यालये लांब गेली आणि कुरकुर सुरू झाली. अखेर १ जानेवारी २०२४ला वोनमी, सोसा आणि ओजोंग हे तिन्ही गु परत आले, दोंगही पुन्हा सदतीस झाले. स्वतःचा निर्णय आठ वर्षांत मागे घेणारी नगरपालिका मला कौतुकास्पद वाटते. आपल्याकडे फेरविचार होतो तो बहुधा सत्ता बदलली म्हणून. नागरिकाला पडणाऱ्या हेलपाट्यांपायी झाल्याचे मला आठवत नाही.

भिवंडीची गाठ हद्दीबाहेर आणखी घट्ट आहे. काल्हेर, पूर्णा, राहनाळला गोदामांची रांग. नियोजन एमएमआरडीएकडे, दैनंदिन कारभार ग्रामपंचायतीकडे. याउलट कोरियाने १९९५मध्ये अनेक शहरांत भोवतालचा ग्रामीण भाग सामावून घेतला, तिथली ग्रामीण एकके मात्र तशीच ठेवली.

७४व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांवरच्या शहरांना प्रभाग समित्या बंधनकारक केल्या, हे आपण विसरतो. माझे मत सरळ आहे: मतांची हद्द हवी तेव्हा बदला, पण प्रभाग समितीची हद्द मौज्यांवर कायम बांधा आणि प्रत्येक मौज्यात एक खिडकी उघडा. नव्या सभागृहाने एवढा एक ठराव केला, तरी भिवंडीकर त्याला दुवा देईल.