टक्कल पडले तरी बी शिल्लक असते

आमच्या चाळीतल्या एका मुलीला ऐन परीक्षेच्या दिवसांत दोन जागी चाई पडली. शेजारच्या बाया म्हणाल्या, किड्याने केस खाल्ले, बिब्बा लावा. एका चाईवर बिब्बा लावला आणि पोरीची कातडी पार भाजून निघाली.

वाचकहो, केस खाणारा असा किडा नसतो. चाईत आपल्याच रक्तातल्या संरक्षक पांढऱ्या पेशी केसाच्या मुळाशी असलेल्या कंदावर हल्ला करतात. केस गळतो, पण बी वरच्या बाजूला शाबूत राहते. थंडीत अंगावर काटा उभा करणारा बारीक स्नायू केसाच्या नळीला जिथे चिकटतो, तिथे एक फुगवटा असतो. मूलपेशी त्यात राहतात. कोत्सारेलिस, सुन आणि लॅव्हकर यांनी १९९० साली उंदरांवर हे दाखवले. त्याआधी सगळे खालच्या कंदातच शोधत होते.

या पेशी ओळखायच्या कशा? कामगाराच्या बिल्ल्यासारखी त्यांच्यावर प्रथिनांची खूण असते. केराटिन-१५ ही एक, सीडी-२०० ही दुसरी. दुसरी तर पांढऱ्या पेशींना जणू बजावते, हा आपलाच माणूस, हात लावू नका!

पुरुषांच्या नेहमीच्या टकलाची गोष्ट आणखी वेगळी. २०११ साली अमेरिकेत गार्झा, कोत्सारेलिस आणि सहकाऱ्यांनी एकाच माणसाच्या डोक्याची टकली व केसाळ कातडी ताडून पाहिली. केराटिन-१५ वाल्या मूलपेशी दोन्हीकडे जवळपास सारख्याच निघाल्या. त्यांच्यापासून तयार होणाऱ्या पुढच्या पायरीच्या पेशी, म्हणजे सीडी-२०० आणि सीडी-३४ खुणेच्या, टकलात फारच कमी होत्या. बी आहे, पण अंकुर फुटत नाही. तेलाच्या बाटलीवरचा फोटो काहीही सांगो, हा अंकुर फोडणारे तेल अजून निघालेले नाही.

खरी भीती तिसऱ्या प्रकाराची. लायकेन प्लॅनोपायलॅरिससारख्या आजारात हल्ला थेट फुगवट्यावरच होतो. केराटिन-१५ च्या पेशी नाहीशा होतात, केसांची छिद्रे बुजतात, कातडी गुळगुळीत होते. तिथे केस परत येत नाहीत. म्हणून केसांच्या बुडाशी लाली, खपल्या, आग किंवा खाज असेल तर एक दिवस रजा टाका, पण सरकारी इस्पितळाच्या त्वचारोग विभागात जा. गरज वाटल्यास डॉक्टर कातडीचा बारीक तुकडा काढून तपासतात. वेळेत औषध मिळाले तर उरलेले केस वाचू शकतात.

आमच्या चाळीतल्या मुलीच्या दुसऱ्या चाईत काही महिन्यांनी केस आले, आधी पांढरे, मग काळे. बिब्ब्याने भाजले तिथे मात्र नुसता व्रण आहे. ती भांग आता दुसऱ्या बाजूने पाडते.