बसले म्हणजे झाले?

दिवाळीत चिरंजीवांचे टिकल्यांचे पिस्तूल अडते, ते पुष्कळदा टिकल्या संपल्या म्हणून नव्हे, तर वाण्याने दिलेली गुंडाळी त्यात बसत नाही म्हणून! मग वडीलमंडळी चाकू घेऊन कडा तासू लागतात. मोठ्या माणसांनी हीच युक्ती खऱ्या रिव्हॉल्व्हरवर केली, त्याची ही हकीकत.

ब्रिटिश सैन्याने १८८७ साली वेब्ली रिव्हॉल्व्हर स्वीकारले. त्याचा १९१५ सालचा सहावा नमुना पहिल्या महायुद्धात गाजला. त्याचे काडतूस .४५५ मापाचे. गोळी शिशाची, २६५ ग्रेनची, म्हणजे सुमारे १७ ग्रॅम. वेग मात्र बेताचा, सेकंदाला ६०० फूट. गोळीचे बूड पोकळ असे. दारूच्या वायूने ते फुगे आणि नळीत घट्ट बसे. सारा मामला सौम्य दाबाचा.

१९३२ साली सैन्याने .३८ मापाचे हलके रिव्हॉल्व्हर घेतले, आणि १९४७ साली जुने वेब्ली अधिकृतपणे बाद झाले. अशी पुष्कळ रिव्हॉल्व्हरे मोडीच्या भावात अमेरिकेत गेली. पण शस्त्र टिकते, काडतूस संपते. .४५५ मिळेना, उलट तिथल्या स्वयंचलित पिस्तुलाचे.४५ काडतूस गल्लोगल्ली! मग व्यापाऱ्यांनी चक्रीचा मागचा भाग तासला. त्या काडतुसाला बाहेर आलेली कड नसते, म्हणून तीन तीन काडतुसे अर्धचंद्राकृती पत्र्याच्या चापात धरली. बसली की नाही झकास?

बसली खरी; पण या काडतुसाचा कमाल दाब .४५५ च्या सुमारे दीडपट! चक्रीच्या भिंती जुन्या बेताच्या. एक बार सुखरूप होतो, दहा होतात, आणि एखाद्या दिवशी चक्री फुटून पोलादाचे तुकडे उडतात, तेही नेम धरणाऱ्याच्याच डोळ्यांपुढे. शिवाय तासलेली चक्री पुन्हा भरून येत नाही.

शहाणा मार्ग वेगळा आहे. इटलीतील फिओकी या १८७६ सालच्या कारखान्याने आधुनिक काळातही मूळ मापाची आणि मूळ दाबाची .४५५ काडतुसे बनविली आहेत. महाग पडतात, पण बोटांपेक्षा स्वस्तच म्हणायची!

आपल्याकडे गंमत उलटी. सैन्याच्या मापाची शस्त्रे सामान्य परवानेदाराला मिळत नाहीत. म्हणून कानपूरच्या सरकारी कारखान्याने वेब्लीच्याच घाटणीचे, पण .३२ मापाचे रिव्हॉल्व्हर काढले. इथे काडतुसासाठी जुने हत्यार तासले नाही. मापाला शोभेल असे नवेच घडविले.

तेव्हा वाचकहो, आजोबांच्या ट्रंकेत असले एखादे हत्यार सापडलेच, तर ‘कोणते काडतूस बसते बघू’ असे म्हणू नका. आधी पोलीस ठाण्यात कळवा. बसते ते सोसतेच असे नाही. हे सोयरिकीत आपल्याला ठाऊक असते. पोलादाच्या बाबतीत मात्र आपण विसरतो!