हळव्या माणसाची विश्रांती

गर्दी, गोंगाट आणि माणसांची सततची ये-जा यांनी काही माणसे इतरांपेक्षा लवकर थकतात. घरचे त्यांना हळवी म्हणतात, शेजारी एकलकोंडी म्हणतात, आणि ती स्वतः बहुधा आपल्याला आळशी समजतात. मानसशास्त्र या थकव्याकडे स्वभावाचा भाग म्हणून पाहते. कार्ल युंग यांनी १९२१ साली अंतर्मुख आणि बहिर्मुख हे स्वभावभेद मांडले. पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलेन अॅरन यांनी पती आर्थर यांच्यासोबत १९९७ साली अतिसंवेदनशीलतेवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. आवाज, प्रकाश, वास, समोरच्याचा बदललेला सूर या साऱ्यांची काही मज्जासंस्था अधिक खोलवर दखल घेतात, असे त्यांचे म्हणणे. शंभरांत पंधरा ते वीस माणसे अशी असावीत आणि त्यांतली बहुसंख्य, पण सगळी नव्हे, अंतर्मुख असतात, असा त्यांचा अंदाज होता. हा आजार नाही.

अंतर्मुखतेचे मूळ शरीरात शोधण्याचा प्रयत्न त्याआधीच झाला होता. १९६०च्या दशकात हान्स आयसेंक यांनी जिभेवर लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकून सुटणारी लाळ मोजली. अंतर्मुख माणसांची लाळ जास्त भरली. त्यांचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो, म्हणून थोड्याशा उत्तेजनेनेही तो भरून जातो, असा अर्थ त्यांनी लावला. आज हे स्पष्टीकरण अपुरे मानले जाते, तरी लग्नघरात तासाभरात डोके भणभणू लागणाऱ्याला ते पटण्याजोगे आहे.

बोईसरला लागून असलेल्या सरावलीत असा स्वभाव घेऊन जगणे सोपे नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीतले कारखाने तीन पाळ्यांत चालतात. पाळी सुटली की शेअर रिक्षांची झुंबड, हॉर्न, धूळ, रसायनांचा उग्र वास. विरार-डहाणू लोकल २०१३ साली सुरू झाली आणि सुमारे शंभर किलोमीटरवरच्या मुंबईला रोज जाऊन-येऊन नोकरी करणे अधिक जणांच्या आवाक्यात आले. डब्यातली दाटी सोबत आलीच. रात्रपाळीचा ऑपरेटर सकाळी साडेसातला खोलीवर पोहोचतो तेव्हा घर नुकते जागे झालेले असते. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सर, मुलांची शाळेची घाई, आणि या सगळ्यात भिंतीकडे तोंड करून झोपलेला माणूस. दुपारी कोणी आले की ‘अजून झोपलाय?’ हा प्रश्न ठरलेला.

अपराधीपणा इथूनच सुरू होतो. कष्टकरी घरात हातपाय हलताना दिसले तरच ते काम. मनाला आलेला शीण दाखवायला ना घाम असतो ना जखम. बाईची अवस्था आणखी बिकट. दिवसाढवळ्या आडवी झाली तर ‘बरं वाटत नाही का?’ असे विचारले जाते, म्हणजे पडायला आजारपण लागते. मग ती पडते, पण कान स्वयंपाकघराकडे असतात. अशा पडण्याने थकवा उतरत नाही, कारण मन आपल्या नावावरची बाकी मोजत राहते.

विश्रांती मागणे ही चैन नव्हे, हे महाराष्ट्राने फार पूर्वी पाहिले आहे. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ साली संघटना उभी केली. रविवारची सुट्टी मालकांनी आपखुशीने दिली नाही. अर्ज आणि सभांमधून ती १० जून १८९० रोजी मिळाली. पुढे १९४८च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याची सुट्टी आणि सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. घरकामाला आणि मनाच्या शिणाला असा कायदा नाही, म्हणून ही सुट्टी घरातल्या घरात ठरवून घ्यावी लागते.

सर्वांत उपयोगी ठरते ते आधी सांगून ठेवणे. ‘आल्यावर वीस मिनिटं माझ्याशी बोलू नका, मग चहा घेऊ’ एवढे घरच्यांना माहीत असले की गप्प बसणे रागासारखे वाटत नाही. त्या वीस मिनिटांत मोबाईल नको. व्हिडिओ पाहत लोळल्याने शरीर पडून राहते, पण मेंदूवर नवा मारा चालूच असतो. रात्रपाळीनंतर झोपताना खिडकीवर दुहेरी चादर टाकावी, कारण उजेडाने झोपेला मदत करणारे मेलाटोनिन दबते. पंख्याची एकसुरी घरघर बाहेरचे आवाज थोडे झाकते.

हळदीच्या रात्रीचा डीजे ही या भागातली खरी परीक्षा. न जाणे नात्याला बरे दिसत नाही आणि पहाटेपर्यंत थांबणे झेपत नाही. ‘काकू, मी जेवून निघते, उद्या लग्नाला लवकर येते’ असे सांगून आणि दुसऱ्या दिवशी खरेच लवकर येऊन दोन्ही साधते. खोटी डोकेदुखी सांगितली तर पुढच्या वेळी पुन्हा नवे कारण शोधावे लागते.

मोकळी हवा हवी असेल तर चिंचणीचा समुद्र जवळ आहे. सुरूच्या झाडांखाली आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी जी निवांत जागा मिळते, ती रविवारी मिळत नाही. आडवारी सुट्टी असणाऱ्यांचे इथे फावते. पालघरच्या धम्म वाटिकेत विपश्यनेची शिबिरे होतात. दहा दिवसांच्या शिबिरात बराच काळ मौन पाळतात, पण दिवस पहाटे चारला सुरू होतो आणि ध्यानाला सुमारे दहा तास बसावे लागते. ती कठोर साधना आहे. दमलेल्या माणसाने तिला आरामाची जागा समजू नये. रोजची वीस मिनिटे त्याला अधिक उपकारक ठरतील.

एकांताने माणूस ताजा होऊन पुन्हा माणसांत येत असेल तर काळजीचे कारण नाही. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नीट लागत नसेल, आवडीच्या गोष्टींतही रस उरला नसेल, कोणालाच भेटू नये असे वाटत असेल, तर ते स्वभावावर ढकलू नये. ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. ऑक्टोबर २०२२मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे मराठीतून, विनामूल्य आणि दिवसरात्र बोलता येते. समोरासमोर बोलण्याचा ज्यांना संकोच वाटतो, त्यांना सुरुवात फोनवरून करणे सोपे जाते.