परकीय फाइल-व्यवस्थेची जोडणी

पुणे-मिरज लोहमार्ग १९७१ साली रुंदमापी झाला. तत्पूर्वी लोणंद स्थानकातून मुंबईकडे निघालेला माल पुण्यास उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरावा लागे. कारण रुळांमधील अंतर इकडे १००० मिलिमीटर, तर पुढे १६७६ मिलिमीटर होते. माल शाबूत, मार्गही पुढे आहे, परंतु माप जुळत नाही, अशी ही अडचण होती. विंडोजवर भरलेली तबकडी लिनक्सच्या संगणकास लावली असता नेमकी हीच अडचण उभी राहते. मात्र तिचा परिहार निराळा आहे. येथे माल उतरवावा लागत नाही; वाघीण आपल्याच रुळांवर राहते आणि आतील वस्तू मागणीनुसार दिसू लागतात.

तबकडीवर वस्तुतः क्रमांकित खंडांखेरीज काहीच नसते. कोणत्या खंडांची मिळून कोणती फाइल होते, तिचे नाव काय, धनी कोण, याची वही म्हणजे फाइल-व्यवस्था. एनटीएफएस ही विंडोज एनटीबरोबर १९९३ साली आली. एक्स्ट४ ही लिनक्समध्ये २००८ साली स्थिरावली. दोहोंच्या वह्या भिन्न पद्धतीने लिहिलेल्या असतात. युनिक्स-परंपरेत सर्व फाइलींचा वृक्ष एकच असल्याने, परकी तबकडी त्या वृक्षाच्या एखाद्या रिकाम्या फांदीवर बसवावी लागते. 'माउंट' या आज्ञेस व्यवस्थेचा प्रकार, साधनाचे नाव व ती फांदी एवढे सांगितले की मधला दुभाषी कामास लागतो. एनटीएफएससाठी असा वाचन-लेखनक्षम दुभाषी लिनक्सच्या गाभ्यात २०२१ साली, ५.१५ या आवृत्तीत, समाविष्ट झाला.

मराठी अभ्यासकास खरी मेख भासते ती नावांची. एनटीएफएसमध्ये नाव सोळा बिटांच्या एककांत लिहिले जाते व अशी २५५ एकके चालतात; एक्स्ट४ची मर्यादा २५५ बाइटांची आहे. यूटीएफ-८ या संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'लोणंद' या शब्दात मात्रा व अनुस्वार धरून पाच चिन्हे आहेत. त्याचे तिकडे दहा बाइट होतात, इकडे पंधरा. म्हणजे एक्स्ट४वरील देवनागरी नाव ८५ चिन्हांपलीकडे जाऊ शकत नाही. गाव, निवेदक, दिनांक व विषय नावातच कोंबण्याची क्षेत्रकार्य करणाऱ्यांची सवय पाहता ही मर्यादा दूर नाही. जोडलेल्या तबकडीवर असे लांब नाव असू शकते; एक्स्ट४वर प्रत करताना मात्र ती फाइल नाकारली जाते, आणि शेकडो फाइलींच्या गर्दीत तो नकार सहज नजरेआड होतो.

याहून गंभीर धोका लेखनाचा. विंडोज ८पासून (२०१२) 'शीघ्र आरंभ' चालू असता संगणक बंद केल्यावरही वही अर्धी उघडी राहते. अशा तबकडीवर दुसऱ्या व्यवस्थेने लिहिले तर दोन कारकुनांनी एकाच वहीत परस्परांस न विचारता नोंदी केल्यासारखे होते. दुभाषी अशा वेळी लेखनास नकार देतो. त्यास 'फोर्स'ची सक्ती करणे म्हणजे मूळ सामग्रीचा जुगार होय. आधी विंडोजवरच ती तबकडी नीट बंद करून घ्यावी.

ध्वनिमुद्रणाची एकुलती एक प्रत असेल तर जोडणी 'आरओ', म्हणजे केवळ वाचनासाठी, करावी. पण या शब्दावर फार विसंबू नये. एक्स्ट४ची तबकडी अर्धवट स्थितीत असेल तर केवळ-वाचनाच्या जोडणीतही तिची रोजनिशी पुन्हा गिरवली जाते, म्हणजेच तबकडीवर लिहिले जाते. ते टाळण्यास 'नोलोड' हा पर्याय सोबत द्यावा लागतो. त्याहून बरे म्हणजे साधनालाच 'ब्लॉकडेव्ह' आज्ञेने लेखनबंदी करून 'डीडी'ने संपूर्ण तबकडीची प्रतिमा घेणे व पुढील सर्व काम त्या प्रतिमेवर करणे. लेखनासाठी जोडलेली तबकडी 'अमाउंट' केल्यावाचून कधीही उपटू नये. लिहिलेले दिसत असले तरी ते अद्याप स्मृतीतच असू शकते.